अपघात ओळखणारा सेन्सर पंधरा वर्षे विश्वासार्ह राहावा, यासाठी आरेखनात नेमके काय पाहावे?

प्रश्न – घाटवाट

नमस्कार मंडळी,

मी चाकणजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आरेखन विभागात काम करतो. आजवर आमच्याकडे चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची हाउसिंग आणि ब्रॅकेट तयार होत असत. आता प्रथमच एअरबॅग यंत्रणेच्या दोन सेन्सरचे काम आले आहे. एक रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर बसणारा, त्वरण मोजणारा पुढचा सेन्सर. दुसरा दाराच्या पोकळीत बसणारा दाबाचा सेन्सर. आतली चिप नामांकित उत्पादकाकडून तयार येणार आहे. हाउसिंग, टर्मिनल, सील, ब्रॅकेट आणि संपूर्ण व्हॅलिडेशन (चाचण्या घेऊन खातरजमा) ही जबाबदारी आमची आहे.

समोरून ताशी ५६ किमी आणि बाजूने ताशी ५० किमी वेगाच्या धडकेच्या चाचण्या आपल्याकडे ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू झाल्या. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा-मूल्यांकनाची ताऱ्यांची श्रेणीही आली. त्यामुळे या सेन्सरची मागणी वाढत राहणार, हे उघड आहे. मला काळजी आहे ती टिकाऊपणाची. आमच्या बैठकांमध्ये असा सूर असतो की चिप एईसी-क्यू१०० या मोटारीतल्या चिपसाठीच्या चाचणीमानकाप्रमाणे पास झालेली आहे, हाउसिंगला पाण्याची चाचणी दिली की काम संपले. मला हे पटत नाही, पण का पटत नाही हे मुद्देसूद मांडता येत नाही.

चाकाचा सेन्सर बिघडला तर चालकाला लगेच कळते, कारण तो दर क्षणी वापरात असतो. हा सेन्सर मात्र पंधरा वर्षे नुसता पाहत बसणार आणि बहुधा एकदाही त्याच्यावर वेळ येणार नाही. आली तर मात्र काही मिलिसेकंदांत त्याला अचूक उत्तर द्यावे लागेल. अशा वस्तूचे आरेखन करताना टिकाऊपणा म्हणजे नेमके काय धरावे? आपल्याकडचा पाऊस, कोकणपट्टीतील खारी हवा, खड्डे, गॅरेजमधील हाताळणी यांपैकी कशाचा धोका खरोखर मोठा आहे? ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी विस्ताराने लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १ – मापनवेडा

घाटवाट, चालकाला कळणारा बिघाड आणि न कळणारा बिघाड हा जो फरक आपण केला आहे, त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. पण त्याआधी वेळेचा हिशेब मांडतो, कारण टिकाऊपणाची व्याख्या त्यातूनच निघते.

समोरच्या धडकेसाठी या क्षेत्रात एक जुना ठोकताळा आहे. प्रवासी गाडीच्या तुलनेत सुमारे १२५ मिमी पुढे सरकण्याआधी बॅग भरलेली असावी, आणि ती भरायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रवासी तेवढा सरकेल त्या क्षणातून ३० मिलिसेकंद वजा केले की निर्णयाची अखेरची मुदत मिळते. कठीण भिंतीवरच्या जोरदार धडकेत ती साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांवर येते. बाजूच्या धडकेत दाराचा पत्रा आणि प्रवासी यांत वीतभर अंतर असते, त्यामुळे तिथे ५ ते ८ मिलिसेकंदच हाती असतात. सेन्सर पंधराव्या वर्षी चालू आहे एवढे पुरेसे नाही. पंधराव्या वर्षीही त्याचे उत्तर याच मुदतीत आणि याच अचूकतेने आले पाहिजे.

आता सेन्सर काय मोजतो ते पाहू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अॅलन ब्रीड यांनी विकसित केलेल्या सेन्सरमध्ये नळीतील पोलादी गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असे; धक्का पुरेसा मोठा आणि पुरेसा लांब असेल तरच ती चुंबकापासून सुटून पुढच्या संपर्कपट्ट्यांना भिडत असे. यातले ‘पुरेसा लांब’ महत्त्वाचे आहे. ताशी ५६ किमी वेगाची गाडी भिंतीवर आदळून ८० मिलिसेकंदांत थांबली, तर सरासरी मंदन सुमारे २० जी (गुरुत्वत्वरणाच्या २० पट) भरते. खड्ड्यात चाक आपटल्यावर त्या जागी क्षणभर २० जीचा उंचवटा दिसू शकतो, पण तो २ मिलिसेकंद टिकला तर वेगातला बदल फार तर ताशी दीड किलोमीटर असतो. दोन्हींची उंची सारखीच असली तरी आलेखाखालचे क्षेत्रफळ वेगळे असते. सेन्सरचे संकेत वाचून बॅग उघडायची की नाही हे ठरवणाऱ्या कंट्रोल युनिटमधील गणित बऱ्याच अंशी या क्षेत्रफळावर आणि आलेखाच्या आकारावर चालते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीने ±५० जी मोजणारी एडीएक्सएल ५० ही चिप आणली आणि सिलिकॉनमध्ये कोरलेल्या त्वरणमापकांचे युग सुरू झाले. आपल्याकडे येणारी चिप त्याच कुळातली असणार. सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले सिलिकॉनचे वस्तुमान, त्याला कंगव्यासारखे दाते, समोर स्थिर दाते. वस्तुमान हलले की दोघांमधली विद्युतधारिता बदलते. हा भाग सीलबंद पोकळीत असतो आणि आतल्या वायूचा दाब हालचालीला हवे तेवढेच अवमंदन (हेलकावे शमवणारा अवरोध) मिळावे असा ठेवलेला असतो. सील गळले तर हे अवमंदन बदलते, ओलावा शिरला तर दाते एकमेकांना चिकटण्याची शक्यता निर्माण होते. शून्याचे सरकणे हा तिसरा धोका. स्थिर गाडीतही सेन्सर १ जी दाखवू लागला आणि ते कोणी दुरुस्त केले नाही, तर १०० मिलिसेकंदांच्या बेरजेत ताशी सुमारे साडेतीन किलोमीटरची खोटी भर पडते. समोरची बॅग उघडावी की नाही हा निर्णय जिथे काही किलोमीटरच्या फरकावर फिरतो, तिथे ही भर लहान नाही.

तरीही चिपच्या या तिन्ही दोषांची मला तितकीशी भीती वाटत नाही, कारण त्यांवर पहारा असतो. इग्निशन चालू झाली की चिप स्वतःच्या दात्यांवर विद्युतदाब देऊन वस्तुमान मुद्दाम हलवते आणि उत्तर मर्यादेत आहे की नाही ते पाहते. शून्याचे सावकाश सरकणे फिल्टर सुधारतो. काही चुकले तर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागतो.

आपल्या डीएफएमईएच्या, म्हणजे आरेखनातील संभाव्य बिघाडांच्या, तक्त्यात म्हणूनच एक जादा रकाना घाला: ‘हा बिघाड झाल्यास दिवा लागेल का?’ मग तक्ता ‘नाही’ या उत्तराप्रमाणे लावून पाहा. वरच्या बाजूला येणाऱ्या जवळपास सर्व ओळी चिपच्या बाहेरच्या, म्हणजे आपल्या कारखान्याच्या असतील.

त्यांतली पहिली ओळ बोल्टची. सेन्सरचा बोल्ट सैल झाला, किंबहुना सेन्सर निखळून नुसता वायरला लोंबत राहिला, तरी स्वयंचाचणी पास होते, कारण ती चिपच्या आतच घडते. दिवा शांत राहतो आणि धडकेची लहर सेन्सरपर्यंत नीट पोहोचतच नाही. काचतंतू मिसळलेल्या पीबीटी या प्लॅस्टिकच्या हाउसिंगमधून बोल्ट थेट आवळला तर प्लॅस्टिक उष्णतेने आणि काळाने दबत जाते आणि आवळ कमी होतो. म्हणून छिद्रात धातूची बुश हवी, आणि ती प्लॅस्टिकच्या पृष्ठभागापेक्षा दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर आलेली हवी, म्हणजे बोल्टचा दाब धातूवरून धातूवर जाईल. मोल्डिंगमध्ये बुशच्या तोंडावर प्लॅस्टिकचा पापुद्रा राहतो. तो केसाएवढा वाटला तरी आवळ त्याच्यावर बसतो आणि काही महिन्यांत उतरतो. ड्रॉइंगवर ‘बुशच्या तोंडावर फ्लॅश चालणार नाही’ अशी स्पष्ट टीप लिहा. ब्रॅकेटखालच्या पत्र्यावर रंगाचा जाड थर असेल तर तोही असाच दबतो. सेन्सर बोल्टभोवती फिरू नये म्हणून एक खुंटी किंवा खाच द्या, कारण मोजण्याची दिशा फिरली तरीही दिवा लागत नाही.

दुसरी ओळ ब्रॅकेटच्या कंपनाची. सेन्सरच्या आत साधारण ४०० हर्ट्झपर्यंतचे संकेत घेतले जातात. ब्रॅकेटची स्वतःची वारंवारिता या पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर आली, तर खड्ड्याचा लहान धक्का फुगून दिसतो आणि खऱ्या धडकेची लहर विकृत होते. ती वारंवारिता पट्ट्यापासून निदान दुप्पट-तिप्पट वर ठेवा आणि हा हिशेब नव्या भागावर करून थांबू नका. पत्रा गंजून पातळ झाल्यावर किंवा स्पॉट वेल्डपैकी एक सुटल्यावर ती कुठे उतरते, हेही पाहा.

प्रतिसाद २ – चाचणीगृह

मापनवेडा यांचा जादा रकाना मला पूर्णपणे मान्य आहे. मी पर्यावरणीय चाचण्यांच्या बाजूने लिहितो.

एईसी-क्यू१०० ही चिपची परीक्षा आहे, आपल्या सेन्सरची नव्हे. तिच्यातला १२५ अंशांवरचा १,००० तासांचा टप्पा घ्या. ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सक्रियण ऊर्जा धरून अऱ्हेनियसचे (तापमानानुसार झीज किती वेगाने होते ते सांगणारे) सूत्र लावले, तर ५५ अंशांच्या तुलनेत १२५ अंशांवर वय सुमारे ७८ पट वेगाने वाढते. म्हणजे त्या १,००० तासांत प्रत्यक्षातले ७८,००० तास झाकले जातात आणि गाडी पंधरा वर्षांत प्रत्यक्ष चालते ती साधारण १२,००० तास. चिपसाठी ही भरपूर सवलत (गरजेपेक्षा जादा राखीव क्षमता) झाली. पण हे सूत्र सिलिकॉनमधल्या रासायनिक झिजेचे आहे. सोल्डरचा जोड तापमान खाली-वर झाल्याने थकतो आणि त्याचा हिशेब वेगळा आहे. उणे ४० ते १२५ अंशांच्या १,००० फेऱ्या, रोजचा चढउतार ४० अंशांचा आणि घातांक २ (म्हणजे दोन चढउतारांच्या गुणोत्तराचा वर्ग) धरला, तर सुमारे १७,००० फेऱ्यांची बरोबरी होते. रोज दोनदा गाडी तापली-निवली तर पंधरा वर्षांत जवळपास ११,००० फेऱ्या होतात. इथे सवलत दीडपटच उरली. आणि हाउसिंगमध्ये कडक पॉटिंग (बोर्डाभोवती ओतून घट्ट होणारे भरण) भरले असेल तर तेवढीही उरत नाही, कारण पॉटिंग आणि सर्किट बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि तो सगळा ताण जोडांवर येतो. मऊ सिलिकोन जेल वापरा, किंवा पॉटिंग टाळता येईल अशी रचना करा.

पाण्याविषयी आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसला आहे. प्रेशर वॉशरची चाचणी, म्हणजे ८० अंशांचे पाणी ८० ते १०० बार दाबाने १० ते १५ सेंमीवरून मारणे, पार पडली की हाउसिंग जलरोधक आहे असे मानले जाते. ती चाचणी आवश्यकच आहे, पण पाणी बहुतेकदा जोराने मारल्यामुळे शिरत नाही, ते आत ओढले जाते. जुलै महिन्यात मुंबईच्या एखाद्या सखल रस्त्यावर रेडिएटरमागे तापलेला सेन्सर अचानक गार पाण्यात जातो, आतली हवा आकुंचन पावते, हाउसिंगमध्ये निर्वात दाब तयार होतो आणि वायरच्या सीलपाशी किंवा टर्मिनल आणि प्लॅस्टिक यांच्या सांध्याशी जी सूक्ष्म फट असेल तिथून थेंबभर पाणी आत येते. दुसऱ्या दिवशी ऊन पडते, पाण्याची वाफ होते, पण तीच फट तिला पूर्ण बाहेर जाऊ देत नाही. अशा काही डझन फेऱ्यांनंतर आत हिरवट गंज दिसतो. मोटारींच्या विद्युत उपकरणांसाठीच्या आयएसओ १६७५० या मानकाच्या चौथ्या भागातील बर्फाळ पाण्याच्या धक्क्याची चाचणी याचसाठी आहे. भाग तापवून त्यावर ० ते ४ अंशांचे पाणी मारायचे किंवा तो त्यात बुडवायचा. ही चाचणी नव्या नमुन्यावर घेऊ नका. आधी तापमानाच्या फेऱ्या आणि कंपन देऊन सील म्हातारे करा, मग बुडवा.

हाच नियम सर्व चाचण्यांना लावावा, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक चाचणीला कोरे नमुने घेऊन प्रत्येकात पास होणे सोपे असते. गाडीतला सेन्सर मात्र एकच असतो आणि त्यालाच ऊन, कंपन, मीठ आणि पाणी क्रमाने सोसावे लागते. निदान एका गटातील नमुने या साखळीतून अखेरपर्यंत न्या आणि शेवटी केवळ ‘संपर्क चालू’ एवढे पाहून समाधान मानू नका. कंपनयंत्रावर बसवून वारंवारितेनुसार प्रतिसाद काढा आणि सुरुवातीच्या आलेखावर ठेवून पाहा. बोल्टचा आवळ उतरला असेल, चिकटवलेला बोर्ड सुटला असेल, बुश सैल असेल, तर आलेखात ते लगेच दिसते. त्यानंतर नमुने कापून सोल्डरचे जोड सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि उरलेला टॉर्क मोजून नोंदवा.

मिठाच्या फवाऱ्याबाबत एक सूचना करतो. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाडीत सेन्सरच्या प्लॅस्टिकला फारसे काही होत नाही. गंज धरतो तो बोल्ट, बुश आणि ब्रॅकेट यांच्या सांध्याला. बुश पितळेची, बोल्ट जस्ताच्या मुलाम्याचा आणि ब्रॅकेट साध्या पत्र्याचे असे तीन धातू एकत्र आणू नयेत. फवाऱ्याची चाचणी सुटा सेन्सर टांगून न करता प्रत्यक्ष ब्रॅकेटवर, प्रत्यक्ष टॉर्कने बसवून करा.

आता दाराचा सेन्सर. ताशी ५० किमी वेगाने येणारी वस्तू ५ मिलिसेकंदांत सुमारे ७ सेंमी पुढे येते, दाराची पोकळी दबते आणि आतली हवा आवळली जाते. सेन्सर ती दाबवाढ पकडतो. हवेतून लहर अर्धा मीटर जायला साधारण दीड मिलिसेकंद लागतो, म्हणून तो पोकळीत कुठे बसतो याला फार महत्त्व आहे. पण दिवा लागेल का, या रकान्यात सर्वांत वर येणारी ओळ त्याच्या हवेच्या छिद्राची आहे. छिद्रात चिखल, मेण किंवा दाराच्या आतल्या गंजरोधक फवाऱ्याचा थर बसला, तर वातावरणाचा सावकाश बदलणारा दाब त्यातून झिरपत राहतो आणि कंट्रोल युनिटला सेन्सर निरोगीच दिसतो. धडकेची झपाट्याने चढणारी लहर मात्र त्या अरुंद वाटेत अडते आणि उशिरा, बोथट होऊन पोहोचते. यावर उपाय यांत्रिकच आहे. छिद्राचे तोंड खाली झुकलेले असावे, दाराच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा बरेच वर असावे, काचेवरून ओघळणारे पाणी थेट त्यावर येऊ नये आणि असेंब्ली लाइनवर मेणाचा फवारा मारून झाल्यावरच सेन्सर बसवला जावा. व्हॅलिडेशनमध्ये धूळ आणि चिखलाच्या चाचणीनंतर झटपट दाबवाढीला लागणारा वेळ मोजा. स्थिर दाबाची अचूकता मोजून या दोषाचा पत्ता लागणार नाही.

प्रतिसाद ३ – वायरिंगवाला

वरच्या दोन्ही प्रतिसादांत सेन्सर आणि त्याचे बसणे यांचा विचार झाला आहे. सेन्सरपासून कंट्रोल युनिटपर्यंतच्या दोन वायरींविषयी मी लिहितो, कारण अलीकडच्या काळातील एक मोठा धडा तिथूनच मिळाला आहे.

अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते-वाहतूक सुरक्षा संस्थेने एप्रिल २०१९ मध्ये झेडएफ-टीआरडब्ल्यू कंपनीच्या एअरबॅग कंट्रोल युनिटविषयीच्या तपासाची व्याप्ती वाढवून ती सुमारे १ कोटी २३ लाख गाड्यांपर्यंत नेली. संशय असा होता की काही धडकांमध्ये निर्माण होणारे विद्युत उसळीचे संकेत सेन्सरच्या वायरींमधून उलट कंट्रोल युनिटमध्ये शिरतात आणि तिथली चिप निकामी करतात. परिणामी बॅगा उघडत नाहीत. जानेवारी २०२० मध्ये टोयोटाने जगभरातील सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या आणि गरज असेल तिथे युनिट व हार्नेस (वायरींची जुडी) यांच्यामध्ये विद्युत गोंगाट गाळणारा फिल्टर बसवला. या घटनेतील यंत्रणा नीट समजून घेण्यासारखी आहे. पुढचा सेन्सर धडकेच्या क्षेत्रातच बसतो, कारण त्याला बातमी लवकर द्यायची असते. त्यामुळे त्याची वायर धडकेत सापडणारच. ती चेपणार, तिचे आवरण फाटणार, ती बॅटरीच्या तारेला किंवा पत्र्याला भिडणार, हे गृहीत धरूनच आरेखन केले पाहिजे. सेन्सरने पहिल्या १५ मिलिसेकंदांत आपले काम करावे आणि त्यानंतर तो किंवा त्याची वायर नष्ट झाली तरी तिच्या नष्ट होण्याने बाकीच्या यंत्रणेला इजा होऊ नये. ही अट मी सेन्सरच्या टिकाऊपणाचाच भाग मानतो.

घाटवाट यांच्या हाती कंट्रोल युनिट नाही, पण पुढील गोष्टी आहेत. कनेक्टरचे तोंड धडकेच्या दिशेला ठेवू नये. ते बाजूला किंवा मागे असावे. वायर पहिल्या टप्प्यात बॅटरीच्या मुख्य तारेजवळून जाऊ नये. दोन्ही वायरी एकमेकींना पिळलेल्या असाव्यात आणि कनेक्टरच्या अगदी जवळ पहिली क्लिप असावी, नाहीतर वायरच्या लोंबत्या तुकड्याचे वजन रोज कनेक्टरमधल्या संपर्कबिंदूंना हलवत राहते. कथिलाचा मुलामा दिलेल्या टर्मिनलमध्ये या सूक्ष्म घासण्याने काळा ऑक्साइड साठतो आणि रोध वाढतो. एअरबॅगच्या मंडलांत सोन्याचा मुलामा वापरतात, त्याचे कारण हेच आहे. खर्च वाचवण्यासाठी एका बाजूला सोने आणि दुसऱ्या बाजूला कथिल अशी जोडी करण्याचा प्रस्ताव कधी ना कधी तुमच्यासमोर येईल. तो स्वीकारू नका.

पीएसआय५ सारख्या दोन तारांच्या पद्धतीत वीज आणि माहिती एकाच जोडीतून जाते. सेन्सर आपला विद्युतप्रवाह सुमारे २६ मिलिअॅम्पिअरने वर-खाली करून सेकंदाला १,२५,००० बिट पाठवतो. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर युनिटला तत्काळ कळते आणि दिवा लागतो. पावसाळ्यात बंद गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरून वायरी कुरतडतात, हे आपल्याकडे नित्याचे आहे. तो बिघाड दिव्याच्या यादीतला आहे, म्हणून तांत्रिकदृष्ट्या फार धोक्याचा नाही. धोका पुढे निर्माण होतो. ग्राहक दिवा घेऊन गॅरेजमध्ये येतो, तिथे वायर पिळून त्यावर टेप गुंडाळली जाते किंवा दिवाच बंद केला जातो, आणि त्या गाडीतील माणसे बॅगा आहेत या समजुतीवर प्रवास करत राहतात. हे मला अत्यंत गंभीर वाटते. आरेखनात निदान एवढे करता येईल की सेन्सरजवळचा हार्नेसचा तुकडा वेगळा, सहज बदलता येणारा आणि रास्त किमतीचा सुटा भाग म्हणून उपलब्ध असावा. दुरुस्तीसाठी संपूर्ण पुढचे हार्नेस विकत घ्यावे लागणार असेल, तर लोक टेपच गुंडाळणार.

आणखी एक गोष्ट दिव्याला कधीच कळत नाही, ती म्हणजे पुढे बसवलेला लोखंडी क्रॅश गार्ड. केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास कळवले होते, तरीही ते दिसतात. पुढचा भाग ज्या क्रमाने चेपायला हवा तो क्रम गार्डमुळे बदलतो आणि सेन्सरसाठी बसवलेले सगळे गणित वेगळ्याच गाडीचे ठरते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत सेन्सरच्या जागेचे चित्र आणि त्याखाली याचे कारण स्पष्ट मराठीत छापावे, अशी मागणी सुटे भाग पुरवणाऱ्यांनीही करायला हरकत नाही.

घाटवाट

तिघांचेही मनापासून आभार. जादा रकाना घातलेला तक्ता मी सहकाऱ्यांसमोर ठेवणार आहे आणि बुशच्या तोंडावरच्या फ्लॅशची टीप ड्रॉइंगवर आजच जाईल. दोन शंका राहिल्या आहेत. धडक नसताना बॅग उघडू नये यासाठीच्या चाचण्यांमध्ये आपल्या रस्त्यांसाठी वेगळे काय घ्यावे? आणि दाराचा सेन्सर कोकणातून घाट चढून महाबळेश्वरला गेल्यावर बाहेरचा दाब एवढा बदलतो, त्याचा निर्णयावर परिणाम होत नाही का?

प्रतिसाद ४ – मापनवेडा

दुसरी शंका आधी घेतो. समुद्रसपाटीला दाब साधारण १,०१३ हेक्टोपास्कल असतो आणि महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर तो ८६० च्या आसपास येतो, म्हणजे १५ टक्के कमी. तीच धडक वर झाली तर दाबातली वाढही जवळपास त्याच प्रमाणात कमी भरेल. म्हणून सेन्सर निव्वळ वाढ न पाठवता, वाढ भागिले त्या क्षणीचा स्थिर दाब हे गुणोत्तर पाठवतो. स्थिर दाबाची नोंद सावकाश फिल्टरने सतत ताजी होत असते, त्यामुळे घाटाचा प्रश्न उरत नाही. दार जोरात आपटणे आणि दारातला स्पीकर यांचेही दाबाचे संकेत उमटतात, म्हणून बॅग उघडण्याआधी बी-पिलरजवळच्या (पुढच्या व मागच्या दारांमधल्या खांबाजवळच्या) त्वरणमापकाची किंवा मध्यवर्ती युनिटची स्वतंत्र संमती घेतली जाते. दोन वेगळ्या भौतिक राशींनी एकाच घटनेची साक्ष द्यावी, असा हा विचार आहे. विनाकारण बॅग उघडणे हा धोका आयएसओ २६२६२ या वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेच्या मानकात सर्वांत कडक श्रेणीत, म्हणजे एएसआयएल-डी मध्ये मोडतो, आणि एकट्या सेन्सरच्या जोरावर ती श्रेणी गाठणे अवघड असते.

पहिल्या शंकेबाबत एक जुने उदाहरण देतो. १९९८ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले कॅव्हलियर आणि पाँटिअॅक सनफायर या गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण गाडीच्या तळाला दगडासारखी वस्तू लागली किंवा अगदी किरकोळ धडक झाली तरी बॅगा उघडण्याचा संभव होता. आपल्याकडे तळाला लागणारी वस्तू ही रोजची गोष्ट आहे. रंग उडालेला, रात्री न दिसणारा गतिरोधक, गटाराचे वर आलेले झाकण, डांबर निघून उघडी पडलेली खडी, रस्त्याच्या कडेची अर्ध्या फुटाची धार: या चारही गोष्टी यादीत स्वतंत्रपणे घ्या आणि प्रत्येक चाचणी रिकाम्या व पूर्ण भरलेल्या अशा दोन्ही गाड्यांवर करा, कारण भरलेल्या गाडीचा तळ खाली येतो. दारासाठी पडणारी दुचाकी, हँडलचा टोला, चेंडू आणि बाजूच्या गाडीचे उघडलेले दार घ्या. ब्रॅकेटवर पान्याचा किंवा हातोडीचा फटका बसण्याची चाचणीही हवी, कारण रेडिएटर बदलताना मेकॅनिकचा हात नेमका तिथेच असतो.

या चाचण्यांपैकी निदान काही, चाचणीगृह यांच्या साखळीतून बाहेर पडलेले जुने नमुने बसवून करा. ब्रॅकेटची वारंवारिता उतरलेली असेल तर खड्ड्याचा धक्का नव्या सेन्सरपेक्षा जुन्यात मोठा दिसतो आणि नव्या नमुन्यांवर मिळालेली सुरक्षित सवलत तिथे निम्मी झालेली आढळू शकते. तो आकडा गणित बसवणाऱ्या गटाला वेळेत द्या. उत्पादन सुरू झाल्यावर बॅग उघडण्याचा उंबरठा बदलणे त्यांना फार जड जाते.

आणि कारखान्यातली एक शिस्त: काँक्रीटच्या जमिनीवर हातातून पडलेल्या सेन्सरला हजारो जीचा धक्का बसलेला असतो. वरून चरा दिसो वा न दिसो, तो सेन्सर लाल पेटीत जावा आणि असेंब्ली लाइनवरच्या माणसाला त्यासाठी कोणी बोल लावू नये. बोल लावले की पुढच्या वेळी तो पडलेला सेन्सर पुसून गाडीत बसवला जाईल.